भेटायला नाही, बाळंतपणाला

आईला डब्लिनच्या विमानतळावरून परत पाठवलं, त्याचा राग मला अजून आहे. तो नक्की कुणावर काढायचा हे कळत नाही, म्हणून मी तो सगळ्यांवर थोडा थोडा काढते. त्या ऑफिसरवर, दोन्ही सरकारांवर, धाकट्या बहिणीवर, तिच्या नवऱ्यावर, आणि आईवर तर सगळ्यात जास्त. लोक म्हणतात, झालं गेलं, सोडून दे आता. का म्हणून सोडू? कुणी माझी माफी मागितलेली मला तरी आठवत नाही.

मी कॉव्हेंट्रीत राहते. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत एचआरला आहे. माझं कामच हे, की नोकरीला आलेल्या माणसाला या देशात काम करायचा हक्क आहे की नाही ते तपासायचं. पूर्वी पोलंडचा माणूस आला की नुसता पासपोर्ट दाखवायचा आणि सोमवारपासून कामाला लागायचा. हा देश युरोपियन युनियनमधून बाहेर पडला, तेव्हापासून त्यालाही माझ्यासमोर बसून फोनवरचा कोड दाखवावा लागतो. समोरच्याचा चेहरा उतरतो तेव्हा मला वाईट वाटतं असं मी घरी सांगते. खरं सांगायचं तर दर वेळी वाटत नाही. मी स्वतः या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला इतकी वर्षं बसलेय, की आता कुणी गयावया करायला लागला की मला त्याचाच राग येतो.

बहीण डब्लिनला. सॉफ्टवेअरमध्ये आहे, नवराही त्यातच. बर्मिंगहॅमहून विमानात बसलं की चहाची ट्रॉली आपल्यापर्यंत येईतो डब्लिन येतं. पण मी इथे कायमची राहायची परवानगी घेऊन बसलेय आणि पासपोर्ट भारताचा. ती तिथल्या वर्क परमिटवर, पासपोर्ट भारताचा. म्हणजे मला तिच्याकडे जायला व्हिसा, तिला माझ्याकडे यायला व्हिसा, आणि दोघींनी अर्ज टाकून वाट बघत बसायचं. सख्ख्या शेजारच्या देशांत राहून आम्ही एकमेकींना भेटायचो ते सांगलीला, आईकडे.

या दोन देशांचं आपसांत एक जुनं ठरलेलं आहे, ते मला ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. एक जण युनियनमध्ये, दुसरा बाहेर, पण एकमेकांच्या नागरिकांना अडवायचं नाही, येऊ द्यायचं, राहू द्यायचं, काम करू द्यायचं. शिकवायला आलेला माणूस मोठा गोड बोलायचा. म्हणाला, "इट्स ऑल अबाउट ट्रस्ट बिट्वीन नेबर्स." मी हात वर केला आणि विचारलं, माझ्यासारखीचं काय? टॅक्स इथे भरते, पोरगी इथल्या शाळेत, कौन्सिलला मतदानसुद्धा करते. तो हसला आणि म्हणाला, "अं, ते स्लाइटली डिफरंट आहे." स्लाइटली म्हणे! शेजाऱ्या-शेजाऱ्यांचा भरवसा आमच्या दाराशी आला की नेमका संपतो.

आणि आता गंमत ऐका. आईला जाता येत होतं. भारतातून ब्रिटनला फिरायला येणाऱ्या माणसाच्या व्हिसावर चार अक्षरं छापली, की तो माणूस त्याच व्हिसावर पुढे आयर्लंडलाही जाऊ शकतो. दोन देशांनी मिळून तशी सोय केली आहे. अट एकच, की आधी व्हिसा देणाऱ्या देशात उतरायचं. म्हणजे जन्मात पहिल्यांदा विमानात बसलेली, इंग्रजीशी झटापट करणारी आमची आई डब्लिनला जाऊ शकत होती, आणि इथे जन्म घालवलेली मी तिच्या सोबतीला जाऊ शकत नव्हते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

बहिणीला नववा लागला होता. त्याआधी एक मूल पाचव्या महिन्यात गेलं होतं, तेव्हा तिच्याजवळ कुणी नव्हतं. त्यामुळे या वेळी ती धास्तावलेली होती. रोज फोन करायची. "ताई, आई कधी येतेय? आई आल्याशिवाय मी हॉस्पिटलला जाणार नाही." जसं काही मूल तिला विचारून बाहेर येणार होतं. मी म्हणायची, अगं येईल, आधी कॉव्हेंट्रीत उतरू दे, चार दिवस माझ्याकडे राहू दे, मग पाठवते. चार दिवस म्हटलं की ती फोन आवरता घ्यायची. तिला ते चार दिवससुद्धा माझ्या पदरात टाकायचे नव्हते.

लपवत नाही, मलाही तिचा हेवा वाटायचा. माझ्या बाळंतपणाला आई आली नव्हती. तेव्हा बाबांचं डायलिसिस चालू होतं, ती हलूच शकत नव्हती, कळत होतं मला. पण कळणं वेगळं आणि टाके पडलेल्या पोटावर हात धरून स्वतःच स्वतःसाठी खिचडी टाकणं वेगळं. धाकटीला मात्र सगळं साग्रसंगीत हवं होतं. तेल, शेक, धुरी, अळिवाची खीर आणि वर आई.

आई आली ती एक मोठी बॅग घेऊन. खारीक, डिंक, बाळंतशोपा, वेखंड, ओवा, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, आणि तळाशी एक लोखंडी शेगडी. मी म्हटलं, "आई, शेगडी? फ्लॅटमध्ये स्मोक अलार्म असतो, फायर ब्रिगेड येईल धुरीला." ती म्हणाली, "येऊ दे. त्यांनाही कळेल बाळंतिणीची खोली कशी असते ते." आमच्या सगळ्या गोतावळ्यात बाळंतपण म्हटलं की आईला बोलावणं असायचं. चुलत, मावस, शेजारच्या, कुणाकुणाची म्हणून तिने बाळंतपणं केली. त्याचा तिला कोण अभिमान!

जायच्या आदल्या संध्याकाळी मी तिला बसवून शिकवलं. "हे बघ, तिथे विचारतील, कशाला आलात. एकच वाक्य बोलायचं. व्हिजिटिंग माय डॉटर. बस. पुढे काही विचारलं तर हसायचं."

"व्हिजिटिंग म्हणजे?"

"भेटायला."

"मी भेटायला कुठे चाललेय?" तिचा आवाज चढला. "भेटायला शेजारपाजारचे येतात, चहा पितात आणि जातात. मी काय हिंडायला आलेय या वयात? मी लेकीचं बाळंतपण करायला चाललेय."

"ते तुझं तुझ्याजवळ. तिथे भेटायला म्हण."

"खोटं बोलू?"

"आई, ते खोटं नाही. त्यांच्या भाषेत आलेल्या माणसाला दोनच कामं असतात. एक तर भेटणं, नाही तर नोकरी."

ती काही बोलली नाही. मला वाटलं, पटलं. कसलं पटलंय, डोंबल! आमच्या आईला एखादी गोष्ट पटली की ती वाद घालते. गप्प बसली म्हणजे समजायचं, ठरलंय तिचं.

दुसऱ्या दिवशी डब्लिनला काय झालं ते तिने स्वतःच मला नंतर सांगितलं, आणि तेही असं, जसं काही ती तिथे गड राखून आली होती. ऑफिसर तरुण होता, दिसायला देखणा होता, हेही सांगायला विसरली नाही. त्याने विचारलं, कशासाठी आलात?

आई म्हणाली, "आय ॲम नॉट व्हिजिटिंग. आय ॲम डूइंग डिलिव्हरी."

तो म्हणाला, तुम्ही नर्स आहात?

"नो नर्स. बेटर दॅन नर्स."

हे काम आधी केलंय का?

"मेनी, मेनी. ऑल फॅमिली. ऑल नेबर्स."

मग त्या माणसाने, आता त्याला तरी काय दोष द्यायचा, म्हणजे मी देतेच, पण त्याने पुढचा सरळ प्रश्न विचारला. या कामाचे तुम्हाला काय देतात? आणि आमच्या मातोश्री छाती पुढे काढून म्हणाल्या, "सारी दे गिव्ह. एव्हरी टाइम. गुड सारी."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बाळंतपण करणारीची पाठवणी करताना तिची साडी-चोळीने ओटी भरायची असते. तो मान असतो, मजुरी नसते. पण "मान" हा शब्द कुठल्या व्हिसाच्या कुठल्या रकान्यात बसतो? त्या पोराच्या दृष्टीने समोर एक बाई उभी होती, जी म्हणत होती की मी पाहुणी नाही, मी कामाला आलेय, हे काम मी पुष्कळ केलंय, आणि दर वेळी मला त्याचा मोबदला मिळतो. माझ्या टेबलासमोर बसून कुणी एवढं बोललं असतं, तर मीसुद्धा पेन खाली ठेवून साहेबाला फोन लावला असता.

मग बॅग उघडली. शेगडी निघाली. "ही दाखवून विचारतो, व्हॉट इज धिस," आई म्हणाली. "मी सांगितलं, फॉर स्मोक. बेबीला आणि मदरला." अगं बाई गं! मी कपाळाला हात लावला. तिच्या बाजूने सामानसुद्धा साक्ष द्यायला तयार नव्हतं.

तरीही अजून सावरलं असतं. बाहेर तिचा जावई उभा होता, त्याला आत बोलावलं. आता हा आमचा जावई म्हणजे नंदीबैल, समोरचा काय म्हणतोय ते न ऐकताच मान हलवणारा. ऑफिसरने विचारलं, तुमची बायको कामावर परत गेल्यावर बाळाला कोण सांभाळणार? हा खूश होऊन म्हणाला, "ओह, शी विल, ऑफ कोर्स. वी आर सो लकी." लकी! त्या क्षणी त्याच्या तोंडात मोजा कोंबायला तिथे कुणी नव्हतं, हे माझं दुर्दैव. आईला प्रवेश नाकारला आणि दुपारच्या विमानात बसवून बर्मिंगहॅमला पाठवून दिलं.

बर्मिंगहॅमला तिला कुणी काही विचारलं नाही. तिकडून आलेल्या विमानाला इकडे इमिग्रेशनची खिडकीच नसते, तेही त्यांचं ठरलेलं आहे. दार बाहेरून आत यायला सताड उघडं. आई ढकलगाडीवर बॅग ठेवून समोरून चालत आली आणि म्हणाली, "शेगडी ठेवून घेतली मेल्यांनी." लेकीपर्यंत पोचली नाही, त्याबद्दल एक अक्षर नाही. घरी माझ्या पोरीने दार उघडलं आणि ओरडली, "आजी परत आला? पण बेबी तर अजून झाली नाही!" त्या पोरीच्या मराठीवर मी एरवी हसते. त्या दिवशी मी तिच्यावर एवढी खेकसले, की ती वर जाऊन बसली.

मग फोन सुरू झाले. बहीण आधी रडली, मग ओरडली. "तू तिला नीट शिकवलं नाहीस."

"मी शिकवलं होतं. तिने ऐकलं नाही."

"तू मुद्दाम केलंस. तुझ्या वेळेला ती आली नाही ना, म्हणून."

मी म्हटलं, "तोंड सांभाळून बोल. तुझ्या नवऱ्याला विचार जरा, तिथे काय दिवे लावलेत त्याने."

"त्याच्यावर जाऊ नकोस!"

असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज एकदम उतरला होता. म्हणाली, "ताई, ऐक. आईला बेलफास्टच्या विमानात बसवून दे. ते ब्रिटनमध्येच येतं, तिथे पासपोर्ट कंट्रोल नाही. हा गाडी घेऊन तिथे जाईल. दोन तासांचा रस्ता आहे. बॉर्डरवर कुणी नसतं गं, नुसत्या मैलांच्या पाट्या जाऊन किलोमीटरच्या येतात, तेवढंच."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांना माहीत असतं. युनियनची सीमा तिथून जाते आणि तिथे साधं फाटकसुद्धा नाही, कारण फाटक लावायचं नाही असंच त्यांनी ठरवलंय. पण फाटक नाही म्हणजे नियम नाही असं नसतं. अधूनमधून बस थांबवतात, गाड्या थांबवतात, आणि कुणाचे चेहरे बघून थांबवतात ते मला कुणी शिकवायला नको. एकदा नाकारलेलं माणूस मागच्या दाराने सापडलं, तर पुढे आईला दोन्ही दारं बंद. मी तिला विमानात बसवलं हे उघड झालं, तर माझी नोकरी गेली. बाकीच्यांना फसवायची परवानगी असेल, मला नाही. मी त्याच खुर्चीत बसते.

"नाही," मी म्हटलं.

"ताई, मला भीती वाटते गं. मागच्या वेळेसारखं झालं तर?"

"हॉस्पिटल आहे, डॉक्टर आहेत. मी नाही एकटीने काढलं?"

"तू काढलंस म्हणून मीही काढायचं?"

"रीतसर अर्ज करू पुन्हा."

"तोपर्यंत मूल रांगायला लागेल!"

"आणि आईला तरी पटणार आहे का हे? ती खोटं एक वाक्य बोलली नाही, ती काय अशी चोरवाटेने येणार?"

आई तिथेच खुर्चीत बसून गवार निवडत होती. फोन स्पीकरवर होता. तिने मान वर केली नाही. बहीण म्हणाली, "तू ना, अगदी त्यांच्यातलीच झालीस." आणि फोन ठेवला. मी रागारागाने आईकडे बघितलं. म्हटलं, बघ तुझ्या लाडकीची भाषा. आईने गवारीच्या शिरा कागदात गुंडाळल्या आणि आत निघून गेली.

त्या आठवड्यात बहिणीचं सिझेरियन झालं. मुलगी. दोघी सुखरूप. मला ते जावयाच्या मेसेजवरून कळलं, तेही आईच्या फोनवर आलेल्या. नंतरही बहीण फोन करायची तो आईच्या फोनवर, आणि आई फोन घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. माझ्या घरात, माझ्या वायफायवर. मी बाहेर भांडी आपटायची.

घरी आल्यावर बाळाच्या पहिल्या आंघोळीला मात्र त्यांनी व्हिडिओ लावला आणि आईने मलाही बोलावलं. आंघोळ जावई घालत होता. पायांवर घ्यायचं म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं, प्लॅस्टिकच्या टबात तो त्या जिवाला माशासारखं धरत होता. आई इकडून ओरडत होती, "मान धरा, मान! अहो, पाणी डोक्यावरून नको, पाठीवरून. पालथं घ्या हातावर. घाबरता काय!" तिचे स्वतःचे हात हवेत तसेच फिरत होते, पालथा पंजा, मानेखाली अंगठा. बाळ कळवळून रडत होतं. मागे पलंगावर बहीण होती, तोंड पांढरंफटक, हात टाक्यांवर. ती एकदम म्हणाली, "आई, बंद कर. तू तिथून सांगतेस ते मला नाही बघवत." आणि फोन बंद झाला.

आईने तो काळा फोन पदराने पुसून टेबलावर ठेवला. दुपारची उन्हं होती, शेजारचा लॉन कापत होता. मी चहा टाकला, पण माझा राग तसाच होता. चहा समोर ठेवला तेव्हा ती म्हणाली, "तू मला नेलं असतंस का गं, त्या बेलफास्टहून?"

"नसतं नेलं," मी म्हटलं. "आजही नेणार नाही. आणि तुलाही ते पटलं नसतं."

"तुला कुणी सांगितलं, पटलं नसतं म्हणून?"

"म्हणजे? तू गेली असतीस?"

"चालत गेले असते," आई म्हणाली. "लपत गेले असते. हसत, भेटायला आले म्हणत गेले असते. तिचा चेहरा बघितलास ना?"

माझा आवाज चढलाच. "मग तेव्हा बोलायला काय झालं होतं? शेजारी बसून गवार निवडत होतीस!"

"कुणाशी बोलू? तुम्ही दोघी माझं काय करायचं ते ठरवत होतात." तिने कप बाजूला सारला. "त्या विमानतळावरच्या पोराने निदान मला समोर उभं करून विचारलं तरी, बाई, तुम्ही कशाला आलात म्हणून. तुम्ही पोरींनी तेवढंही विचारलं नाही."